तिसऱ्या घंटेचं मत

घेंट, ६ मार्च २०१६

प्रिय अँब्रोज,

ख्रिसमसनंतर तुझं पत्र नाही, म्हणजे तू मजेत आहेस. आजारी असलास की चार पानं लिहितोस.

एक काम आहे. येत्या जूनमध्ये तुम्ही लोक युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मत देणार आहात. 'तुम्ही लोक' लिहिताना पेन जरा अडखळलं, पण खरं तेच आहे. इंग्लंड सोडून पंधरा वर्षांहून जास्त झालेल्यांना मत नाही. मला एकतीस झाली. तिथे मी मतदार नाही आणि इथे नागरिक नाही. इथलं माझं जे काही आहे, हे घर, जुने भिंतपडदे दुरुस्त करायचं काम, माझ्या योस्टच्या थडग्याजवळ लावलेली फुलं, ते सगळं एका ब्रिटिश पासपोर्टावर उभं आहे. तुम्ही बाहेर पडलात तर तोच पासपोर्ट घेऊन मला नगरपालिकेच्या खिडकीत विचारावं लागेल, 'मी राहू का?'

तुला या विषयावर मत नाही हे मला ठाऊक आहे. तुला लहानपणापासून कशावरच मत नाही. मावशी विचारायची जॅम लावू की मध, आणि तू म्हणायचास, 'जे उरेल ते.' म्हणून म्हणते, तुझं ते पडून राहणारं मत मला दे. 'राहावं' या शब्दासमोर एक फुली मार, माझ्या वतीने. देश काय ठरवायचं ते ठरवो. पण माझ्या घराबद्दल मला कुणी विचारलंच नाही असं व्हायला नको.

चर्चच्या मनोऱ्यात घंटांचा सराव घेताना सिरिल अजून ओरडतो का? आणि माझी तिसरी घंटा नीट वाजव. तू ती नेहमी अर्धा श्वास उशिरा ओढतोस. इतक्या लांबूनही मला ऐकू येतं.

तुझी मावसबहीण,
हेस्टर

---

थेडलबी, लिंकनशायर
१५ मार्च २०१६

प्रिय हेस्टर,

तुझी विनंती मान्य. जे मत मी स्वतः कधी वापरलं नाही ते दुसऱ्याच्या उपयोगी पडत असेल तर ते दानही नव्हे, नुसती साफसफाई. तेवीस जूनला गावच्या सभागृहात जाऊन मी तुझी फुली मारीन. वचन देतो. संस्कृत शिकलेल्या माणसाचं वचन आहे, म्हणजे त्याला उपयोग काही नसला तरी वजन आहे.

इथल्या लोकमताबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. गावात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि प्रत्येक पक्षात चार पोटपक्ष. कांदे पिकवणारा रोलंड बेट म्हणतो बाहेर पडावं, कारण ब्रसेल्सचे लोक त्याला शेताच्या कडेचा चर किती रुंद असावा ते सांगतात. त्याचे कांदे काढायला येणाऱ्या लिथुआनियन बायका मात्र याव्यात. 'त्या वेगळ्या,' तो म्हणतो. कशा, तर 'त्यांना मी ओळखतो.' दंतवैद्य मिसेस आयव्हज म्हणतात राहावं, आणि हे त्या समोरच्याच्या तोंडात कापूस भरल्यावर म्हणतात, त्यामुळे त्यांच्या दवाखान्यात अद्याप मतभेद झालेला नाही.

दारोदार मतं विचारणारी एक मुलगी आली होती, हातात पाटी घेऊन. मी म्हटलं, मला मत नाही. तिने 'ठरलेलं नाही' या चौकटीत खूण केली. मी म्हटलं, तसं नव्हे, ठरलेलं आहे, की नाही. तिच्याकडे तशी चौकट नव्हती. सिरिलने अशा तिघांना तीन वेगळी उत्तरं दिली. का, असं विचारलं तर म्हणाला, 'अरे, एकाही पठ्ठ्याने चहा घेतला नाही.'

सिरिल एकोणऐंशीचा झाला. अजून सहावी, सगळ्यांत जड घंटा तोच ओढतो, आणि गुरुवारच्या सरावाला अजूनही साडेसात म्हणजे साडेसात. घंटा सहा, माणसं सहा. बदली कुणी नाही. एक जण शिंकला तरी गावाला कळतं.

उशिराचा आरोप अमान्य.

तुझा,
अँब्रोज

---

थेडलबी
१२ जून २०१६

प्रिय हेस्टर,

बिस्किटांचा डबा पोचला. ही लाच आहे असं समजून मी तो नाकारणार होतो, पण तोपर्यंत अर्धा संपला होता.

मनोऱ्यात मोठं प्रकरण झालं. वर राजकारण बोलायचं नाही असा सिरिलचा नियम तुला आठवत असेल. नियम कुणी मोडला नाही. लोक बोलले नाहीत. पण दोरीने भांडू लागले. मे महिन्यात मिसेस आयव्हज यांनी आपल्या घंटेच्या दोरीला निळा पट्टा बांधला, युरोपीय संघाच्या झेंड्यासारखे पिवळे तारे असलेला. पुढच्या गुरुवारी रोलंडने आपल्या घंटेचा ठोका मुद्दाम त्यांच्या ठोक्यावर आदळवला. पलीकडची दोरी धरलेली डॅफ्नी म्हणाली, 'रोलंड, हे तू हातून झालं म्हणतोस की मनातून?' रोलंड म्हणाला, 'मी कांदेवाला माणूस, मला काय कळतंय.' शाळेतली, नुकतीच अठराची झालेली टॅम्झिन रडली. त्या रविवारी आमच्या वादनाला धर्मगुरूंनी 'उत्साही' म्हटलं. सिरिलच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा अपमान.

या गुरुवारी त्याने सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाला, 'तेवीसला गुरुवार आहे. तुम्ही मतं देऊन एकमेकांकडे संशयाने बघत वर येणार, आणि चोवीस तारखेपासून मला सहा माणसं मिळणार नाहीत. देशाला तुमच्यावाचून सरकार मिळेल, मला सहावा माणूस मिळणार नाही.' मग त्याने संसदेतली जुनी रीत काढली. विरुद्ध बाजूचे दोन सभासद आपसांत ठरवतात, तूही मत देऊ नकोस, मीही देत नाही. बेरीज तीच राहते आणि दोघंही वेळेवर जेवतात. त्याला जोडी लावणं म्हणतात. सिरिल, रोलंड आणि डॅफ्नी बाहेर पडणारे; मिसेस आयव्हज आणि टॅम्झिन राहणाऱ्या. जोड्या लागल्या, सगळ्यांनी दोरीला हात लावून शपथ घेतली, आणि त्यानंतर आम्ही अर्धा तास असं वाजवलं की मला तुझी आठवण झाली.

मला पंच नेमलं आहे. तीन आणि दोन यांच्या जोड्या कशा लागल्या हे विचारू नकोस. गणित हा माझा विषय नव्हे.

तुझा,
अँब्रोज

---

घेंट, २६ जून २०१६

प्रिय अँब्रोज,

हरलो. शुक्रवारी सकाळी शेजारच्या बाईने सूप आणून दिलं, कुणी गेल्यावर आणतात तसं. मी म्हटलं, मी जिवंत आहे. ती म्हणाली, 'हो, पण देश गेला ना.'

तरी तुला सांगते, मी रडले नाही. दुपारी नगरपालिकेत गेले. खिडकीतला पोरगेला कारकून म्हणाला, अजून कुणालाच काही माहीत नाही, नंतर या. मग सहज बोलावं तसं त्याने विचारलं, 'तुम्ही मत दिलं होतं?' आणि मी म्हटलं, 'हो. माझ्या मावसभावाने माझं मत दिलं.' अँब्रोज, मला इतकं ताठ उभं राहता येतं हे मी विसरले होते. एक कोटी एकसष्ट लाखांत एक फुली माझी आहे. कुठली ते कुणालाच ओळखता येणार नाही, पण आहे.

ते तू केलंस. तुला मी आयुष्यभर आळशी म्हटलं, ते शब्द मागे घेते. उशिरा ओढतोस, तेही.

हेस्टर

---

थेडलबी
३ जुलै २०१६

प्रिय हेस्टर,

इथे पाऊस आहे. रोलंडच्या कांद्यांना करपा लागेलसं दिसतं. मिसेस आयव्हज यांनी माझा एक दात काढला. वरचा, डावीकडचा, उपयोगाचा नव्हता.

गाव शांत आहे. आमच्या भागात चारांतल्या तिघांनी बाहेर पडण्याचं मत दिलं, आणि आता चारही जण म्हणतात की आपण नीट विचार करून दिलं. मनोऱ्यात सगळे एकमेकांशी इतक्या आदराने वागतात की वर चढताना जिन्यात खोळंबा होतो. 'आधी तुम्ही.' 'छे, छे, तुम्ही.'

'उशिरा ओढतोस' हे मागे घेऊ नकोस. ते तसंच राहू दे.

तुझा,
अँब्रोज

---

घेंट, ८ जानेवारी २०१७

अँब्रोज,

डॅफ्नीचं ख्रिसमसचं कार्ड आलं. ती मतदानाच्या टेबलावर यादी घेऊन बसली होती, हे तू मला कळवलं नाहीस. तिने आतल्या बाजूला लिहिलंय : 'जोड्या लावणारे सगळे येऊन मत देऊन गेले, एक तुझा अँब्रोज सोडून. शब्दाचा पक्का माणूस. हे मी तुला सांगितलेलं नाही.'

तिला वाटलं मला बरं वाटेल.

तू पंच नव्हतास.

हेस्टर

---

थेडलबी
१५ जानेवारी २०१७

प्रिय हेस्टर,

मी पंच नव्हतो. तिसरी जोडी सिरिलची आणि माझी होती.

त्या गुरुवारी खाली बसलो असताना तीन विरुद्ध दोन झाले आणि सिरिलला जोडी उरली नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, 'अँब्रोज, तुला कुठल्याच बाजूचं काही नाही. तू राहण्याच्या बाजूचा हो. नावापुरता. म्हणजे मला घरी बसता येईल.' त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, 'सिरिल, माझं मत हेस्टरला दिलेलं आहे.' एका वाक्याचं काम होतं. पाच जण माझ्याकडे पाहत होते, टॅम्झिनचे डोळे अजून ओले होते, आणि मी म्हटलं, 'माझी काही हरकत नाही.' माझी आजवर कशालाच हरकत नव्हती. तो माझा स्वभाव आहे असं मी समजत होतो. त्या दिवशी कळलं की तो एक प्रकारचा भित्रेपणा आहे, नीट इस्त्री केलेला.

दोन वचनं झाली. कुठलं पाळायचं? धर्मशास्त्र म्हणतं पहिलं. मी ते शास्त्र तीन वर्षं केंब्रिजला बसून शिकलो आहे, त्यामुळे ते मोडताना नेमकं काय मोडतोय हे तरी मला कळत होतं. मी दुसरं पाळलं. कारण एकच आहे आणि ते सुंदर नाही. सिरिल दर गुरुवारी माझ्यासमोर चार फुटांवर उभा असतो. तू समुद्रापलीकडे होतीस.

तेवीसला दिवसभर मी बागेत वाटाण्याच्या वेलांना काठ्या बांधत बसलो. वाटाणे तोवर काढून झाले होते.

बाकीचं तुला डॅफ्नीने सांगितलंच आहे. मला ते ऑक्टोबरात कळलं. मिसेस आयव्हज जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याचं दार लावून गेल्या. रोलंड ट्रॅक्टर सभागृहामागे लपवून आत शिरला. तो ट्रॅक्टर लाल आहे आणि सभागृह बुटकं आहे. टॅम्झिन संध्याकाळी ओढणीने डोकं झाकून आली. तिथे गेल्यावर प्रत्येकाला दिसलं की यादीवर पट्टी धरून आपलीच डॅफ्नी बसली आहे. हे आधी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती प्रत्येकाला म्हणाली, 'नाव आणि पत्ता सांगा,' जणू जन्मात पाहिलं नाही. तिने स्वतः टपालाने मत आधीच पाठवलं होतं, शपथेच्या आठवडाभर अगोदर, त्यामुळे तिच्या मते तिने काहीच मोडलं नाही.

आणि सिरिल. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, स्वतःचं पेन घेऊन. तिथल्या पेन्सिलीची फुली सरकार खोडतं असं त्याने ऐकलं होतं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, 'मला वाटलं तूही जाशील. माणूस म्हणतो तसा थोडाच वागतो.' मग तो दोरीच्या लोकरी मुठीवरची धूळ काढत राहिला. म्हणाला, 'तू खरंच गेला नाहीस?'

म्हणजे पाचांनी शपथ मोडली आणि दोन्हीकडची बेरीज जवळपास तीच राहिली. एकाने पाळली, आणि तुझी फुली तेवढी गेली. क्षमा मागण्याचा शिष्टाचार मला येतो, पण तो इथे अपुरा आहे, म्हणून घडलं तसं लिहिलं.

अँब्रोज

---

थेडलबी
२ नोव्हेंबर २०१७

प्रिय हेस्टर,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, ते योग्यच आहे. याला द्यावंस असं नाही.

फक्त कळवतो की तिसरी घंटा मी आता वेळेवर ओढतो. सिरिल दोनदा म्हणाला, 'काय झालंय तुला? बरा आहेस ना?'

अँब्रोज

---

घेंट, ८ मे २०१९

अँब्रोज,

दीड वर्ष झालं. आधी राग होता. मग राग गेला आणि नुसतं लिहायचं राहून गेलं. कुठला महिना कशाचा ते आता सांगता येत नाही.

मी बेल्जियन झाले. गेल्या वर्षी मार्चमध्ये. तेच खिडकीतलं पोर होतं, आता त्याला दाढी आली आहे. त्याने अभिनंदन केलं आणि एक छापील कागद दिला. इथे मत देणं सक्तीचं आहे, अँब्रोज. दिलं नाही तर दंड. तेहतीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, आणि आता विचारतात ते उत्तर देईपर्यंत सोडत नाहीत. ऑक्टोबरात नगरपालिकेचं दिलं. या सव्वीस तारखेला, रविवारी, युरोपच्या संसदेचं आहे.

आणि कालच्या बातम्यांत ऐकलं की तुमचंही आहे. बाहेर पडायचं ठरवून तीन वर्षं झाली, तुम्ही अजून दारातच कोट घालून उभे, म्हणून तुम्हालाही त्या संसदेसाठी माणसं निवडून द्यावी लागणार. तेवीस मे. मी कॅलेंडर पाहिलं. गुरुवार आहे.

मी काही मागत नाही. एकदा मागितलं होतं.

बाकी माझं बरं आहे. घर आहे, काम आहे. योस्टजवळ या वर्षी निळी फुलं लावली.

हेस्टर

---

थेडलबी
२४ मे २०१९

प्रिय हेस्टर,

काल संध्याकाळी साडेसातला मी मनोऱ्यात नव्हतो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

दिवसा जाता आलं असतं. सकाळी सातपासून सभागृह उघडं होतं. पण मागच्या वेळी ज्या गोष्टीसाठी मी तुझं मत दिलं नाही, ती गोष्ट चालू असतानाच ते द्यावं असं वाटलं. हे थोडं नाटकी आहे, मला मान्य आहे. आदल्या दिवशी मी सिरिलच्या घरी गेलो आणि सांगितलं, उद्या मी उशिरा येईन, मला मत द्यायचं आहे. तो ब्याऐंशीचा आहे, हल्ली त्याला प्रश्न दोनदा विचारायची सवय लागली आहे.

'मत? तुला?'

'हो.'

'तुला मत आहे?'

'माझं नाही. हेस्टरचं.'

मग मी त्याला सगळं सांगितलं. मार्चमधलं तुझं पत्र, माझं वचन, आणि त्याच्या जोडीला मी हो म्हटलं ते. तीन वर्षं मी त्याला हे सांगितलं नव्हतं. त्याने किटली शेगडीवरून उतरवली. म्हणाला, 'म्हणजे मी त्या पोरीचं मत अडवलं, आणि वर माझं देऊन आलो?' मी म्हटलं, अडवलं मी. तो म्हणाला, 'गाढव आहेस. बोलायचंस की रे. मी दुसरी जोडी शोधली असती. धर्मगुरूंना धरलं असतं.' त्याच्या लेखी तू अजून पोरगीच आहेस. त्याने तुला दोरी हातात दिली तेव्हा तू अकराची होतीस.

सभागृहात मी एकटाच होतो. टेबलाशी डॅफ्नी. तिची जागा वर भरायला रोलंडची सून येऊ लागली आहे, तेवढं आमच्याकडे नवीन. डॅफ्नी म्हणाली, 'नाव आणि पत्ता सांगा.' मी सांगितला. तिने पट्टी सरकवत सरकवत माझ्या नावावर आणली आणि रेघ मारली. 'उशीर केलात,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'हो.' मतपत्रिकेची ती हातभर लांब चिठ्ठी देताना तिने चष्म्यावरून पाहिलं, आणि तिथल्या कामाच्या नियमांत बसेल इतकंच हसली.

आडोशाच्या फळीवर दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती. मी ती उचलली आणि वर घंटा सुरू झाल्या. माझी वाट न पाहता सिरिलने सुरू केलं होतं. रागाने केलं असं मला आधी वाटलं. मग ऐकलं. पहिली, दुसरी, मग काही नाही, मग चौथी, पाचवी, सहावी. पुन्हा पहिली, दुसरी, काही नाही. पाच जण वाजवत होते, पण त्यांनी ती जागा मिटवून घेतली नव्हती. प्रत्येक फेरीत तिसरीच्या वेळी ते तिच्यासाठी थांबत होते. मी फुली मारली. कुणाच्या नावासमोर ते गुप्त आहे, पण तू मागितलं होतंस त्याच बाजूला.

या मताने काही होणार नाही. निवडून गेलेली माणसं काही महिन्यांत घरी परततील. तरी कळवतो, की दिलं.

वर गेलो तेव्हा त्यांनी वाजवणं थांबवलं. मनोऱ्यात राजकारण बोलायचं नाही हा नियम आहे. सिरिलने फक्त तिसरीच्या दोरीकडे मान हलवली आणि म्हणाला, 'हेस्टरची घंटा आहे. नीट धर.'

तुझा,
अँब्रोज

---

घेंट, २९ मे २०१९

प्रिय अँब्रोज,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचणार नाही, कारण मला काम आहे.

मी रविवारी माझंही मत दिलं. इथे यंत्र आहे, पेन्सिल नाही. बोटाने दाबायचं. मला ते फारसं आवडलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येते. नव्या पासपोर्टावर. विमानतळावर मी परदेशी म्हणून उतरेन, तशीच शोध. सिरिलला सांग की गुरुवारी साडेसातला तिसरीची दोरी मला हवी आहे, आणि हात विसरले असतील तर त्याने ओरडावं.

तू त्या दिवशी खाली बाकावर बसायचं. मी ओढीन आणि तू ओढणार नाहीस. माझ्या मते तुमच्याकडे यालाच जोडी लावणं म्हणतात, आणि या वेळी तू शब्द पाळशील याबद्दल मला खात्री आहे. बसून राहण्याचा शब्द तू आजवर एकदाही मोडलेला नाहीस.

तुझी,
हेस्टर